ओपन वॉटर आणि ॲडव्हान्स्ड : दोन अभ्यासक्रमांचा एक का करू नये?

पावसाळा संपून समुद्र निवळू लागला की या सदराकडे स्कूबा डायव्हिंगविषयीची पत्रे वाढतात. यंदाच्या बहुतेक पत्रांचा रोख प्रमाणपत्रांच्या पायऱ्यांवर आहे. त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा असून पुण्यात नोकरी करतो. जानेवारीत अंदमानातील स्वराज द्वीप येथे, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, डायव्हिंग शिकायला जाणार आहे. तेथील एका केंद्राने ओपन वॉटर आणि ॲडव्हान्स्ड हे दोन्ही अभ्यासक्रम सलग सहा दिवसांत सवलतीच्या दरात करून देऊ, असे कळवले आहे. पुन्हा तिकडे जाणे लवकर होणार नाही, तेव्हा दोन्ही एकदमच करावेत का? आणि एकामागोमाग करता येत असतील, तर संस्थांनी दोन्ही मिळून एकच अभ्यासक्रम का करू नये? — स. दे., पुणे

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे एकमेकांच्या उलट दिशेची आहेत. दोन्ही अभ्यासक्रमांत जे शिकवले जाते ते एकत्र करून नव्याने वाटावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र दोन्ही एकाच आठवड्यात उरकावेत, असे मी कोणालाही सांगणार नाही.

आज या पायऱ्यांमध्ये काय आहे ते आधी पाहू. आपल्याकडे सर्वाधिक दिसणारी पद्धत १९६६ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या पाडी या संस्थेची आहे, म्हणून तिचाच आराखडा घेतो. ओपन वॉटरमध्ये पुस्तकी अभ्यास, तलावातील किंवा उथळ शांत पाण्यातील सराव आणि किमान दोन दिवसांत विभागलेल्या चार समुद्रातील डायव्ह असतात. पहिल्या दोन १२ मीटरच्या आत आणि पुढच्या दोन १८ मीटरच्या आत. एवढे झाले की इन्स्ट्रक्टरशिवाय, फक्त बडीबरोबर, म्हणजे जोडीदार डायव्हरबरोबर, १८ मीटरपर्यंत जाण्याची पात्रता मिळते. ॲडव्हान्स्डमध्ये पाच डायव्ह असतात. एक खोल पाण्यातील आणि एक होकायंत्राने दिशा शोधण्याची, या दोन सक्तीच्या. उरलेल्या तीन आवडीनुसार निवडायच्या. त्यात रात्रीची डायव्ह असू शकते, बुडालेल्या जहाजावरची असू शकते, तशीच मासे ओळखण्याची किंवा छायाचित्रणाचीही असू शकते. पहिल्या आणि दुसऱ्या अभ्यासक्रमाच्या मध्ये अनुभवाची अट नाही. त्यामुळे आयुष्यात एकूण नऊ डायव्ह केलेल्या आणि त्यांपैकी केवळ एकदाच १८ मीटरच्या खाली गेलेल्या माणसाच्या हाती ३० मीटरचे कार्ड येते, आणि त्यावर 'ॲडव्हान्स्ड' असे छापलेले असते.

१८ आणि ३० मीटरमधील फरक केवळ बारा मीटरचा वाटतो, पण हवेचा हिशेब मांडला की तो कळतो. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा ॲल्युमिनियमचा सिलिंडर सुमारे ११ लिटरचा असतो आणि २०० बार दाबाने भरलेला असतो. ५० बार राखीव ठेवले, तर १६५० लिटर हवा खर्चायला मिळते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्या माणसाला १८ मीटरवर, तेथे दाब २.८ पट असल्यामुळे, मिनिटाला ५६ लिटर लागतात आणि ती हवा सुमारे २९ मिनिटे पुरते. ३० मीटरवर दाब चौपट असतो, म्हणून मिनिटाला ८० लिटर लागतात आणि वीस मिनिटांत काम संपते. आता खोल पाण्यात शरीरात विरघळत जाणाऱ्या नायट्रोजनची बाजू पाहा. पाडीच्या तक्त्यानुसार पहिल्या डायव्हला, वर येताना टप्प्याटप्प्याने थांबण्याची सक्ती नसलेला काळ १८ मीटरवर ५६ मिनिटे आणि ३० मीटरवर २० मिनिटे आहे. म्हणजे १८ मीटरवर नायट्रोजनची मर्यादा येण्याच्या कितीतरी आधी हवा संपत आलेली असते आणि नवख्याची एखादी चूक पोटात घालायला पाणी तयार असते. ३० मीटरवर दोन्ही मर्यादा एकाच वेळी येऊन ठेपतात, आणि त्यातच नायट्रोजनची गुंगी चढून विचार मंदावण्याची शक्यता तेथे असते. शिवाय नवख्या माणसाचा श्वास मिनिटाला वीस लिटरवर क्वचितच थांबतो; हातपाय मारून तोल सांभाळताना तो सहज पंचविसाच्या पुढे जातो.

हा खर्च कमी होतो तो सवयीने. बॉयन्सी, म्हणजे पाण्यात वर-खाली न होता एका पातळीवर तरंगत राहण्याची हातोटी, पंधरा-वीस डायव्हनंतर अंगात मुरू लागते आणि मगच लक्ष स्वतःवरून उठून हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजकडे, बडीकडे आणि आजूबाजूला जाते. दुसऱ्या अभ्यासक्रमाला या टप्प्यावर गेलेला विद्यार्थी खोल पाण्यातले काहीतरी शिकून येतो. पाचव्या दिवशी गेलेला विद्यार्थी इन्स्ट्रक्टरच्या मागे खाली जातो आणि त्याच्याच मागे वर येतो.

डायव्हिंगमधील मृत्यूंचा अभ्यास याच दिशेने बोट दाखवतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातील ९४७ मृत्यूंच्या नोंदी तपासून २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. संकटाची सुरुवात कशाने झाली हे ज्या प्रकरणांत ठरवता आले, त्यांपैकी ४१ टक्के प्रकरणांत सुरुवात अपुऱ्या हवेने झाली होती. उपकरणे बिघडल्याचे प्रमाण १५ टक्के होते.

तरीही केंद्रे जोडअभ्यासक्रम का विकतात, हे समजण्यासारखे आहे. स्वराज द्वीपची नावाजलेली ठिकाणे, डिक्सन्स पिनॅकल किंवा जॉनीज गॉर्ज, १८ मीटरच्या पलीकडची आहेत आणि ओपन वॉटरवाल्या गिऱ्हाइकाला तेथे नेता येत नाही. पुण्याहून श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, आणि तेथून बोट, हा खर्च दुसऱ्यांदा करायला कोणी सहजी तयार होत नाही, हेही खरे. पण परतल्यावर आपण डायव्हिंग कोठे करणार, याचा विचार करा. मालवणच्या पर्यटकांच्या जागा उथळ आहेत. गोव्याच्या ग्रँड आयलंडभोवतीची बहुतेक ठिकाणे, तेथील बुडालेल्या जहाजांसह, ओपन वॉटरच्या मर्यादेत बसतात. मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीलाही त्या कार्डाने पुष्कळ पाहता येते.

म्हणून आपल्यासाठी माझी सूचना अशी : पुस्तकी भाग घरी बसून ऑनलाइन करा, तलावातील सराव पुण्या-मुंबईतच पुरा करून रेफरलचे, म्हणजे उरलेला भाग दुसऱ्या केंद्रात करता येण्याचे, कागद घ्या आणि अंदमानात केवळ समुद्रातील चार डायव्ह ठेवा. त्या दोन दिवसांत होतील. उरलेल्या दिवसांत, ॲडव्हान्स्डला जे पैसे जाणार होते त्यांतून, डाइव्हमास्टरबरोबर, म्हणजे पाण्यातील व्यावसायिक मार्गदर्शकाबरोबर, रोज दोन साध्या डायव्ह करा. परतीच्या विमानाआधी किमान १८ तास पाण्याबाहेर राहावे लागते, म्हणून शेवटचा दिवस मोकळा सोडा. ॲडव्हान्स्ड पुढच्या हंगामात नेत्राणीला किंवा पुदुच्चेरीला करता येईल.

प्रश्न : मी रेस्क्यू डायव्हर असून ठिकठिकाणच्या डायव्हरांबरोबर पाण्यात उतरले आहे. संकटातल्या बडीला वर कसे आणायचे हे तिसऱ्या अभ्यासक्रमात शिकवतात, पण बडीबरोबर स्वतंत्रपणे उतरण्याची परवानगी मात्र पहिल्यानंतरच मिळते. हे उलटे नाही का? अभ्यासक्रमांची फेरमांडणी करायची झाल्यास आपण काय हलवाल? — मृ. का., ठाणे

उत्तर : उलटेच आहे, आणि ते मुळात असे नव्हते. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये क्लबांमधून आणि अमेरिकेत लॉस एंजेलिस काउंटीच्या उपक्रमातून जे नागरी प्रशिक्षण सुरू झाले, ते लांबलचक होते, अंगमेहनतीचे होते, त्यावर नौदलाची छाप होती आणि त्यात बचावाचे धडे धरलेलेच असत. पुढे सुट्टीत शिकायला येणाऱ्या माणसाला परवडतील आणि झेपतील असे त्याचे तुकडे झाले. या तुकड्यांमुळेच डायव्हिंग सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले, हे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. मात्र तुकडे पाडताना कोणता भाग आधी लागेल यापेक्षा कोणता भाग शिकायला सोपा आणि विकायला सोयीचा, याला अधिक महत्त्व मिळाले, असे मला वाटते.

सगळ्याच संस्थांनी हे केलेले नाही. ब्रिटिश सब-ॲक्वा क्लबच्या दुसऱ्या पायरीत, स्पोर्ट्स डायव्हरमध्ये, बचावाची कौशल्ये अभ्यासक्रमाचाच भाग आहेत. ती वेगळी विकत घ्यावी लागत नाहीत. अमेरिकेतील नाऊई ही संस्था बेशुद्ध बडीला पृष्ठभागावर आणण्याचा सराव पहिल्याच अभ्यासक्रमात घेते. पाडीच्या ओपन वॉटरमध्ये पायातला गोळा सोडवणे आणि थकलेल्या डायव्हरला पृष्ठभागावरून ओढत नेणे एवढे आहे, पण तळाशी निपचित पडलेल्या माणसाला वर आणणे नाही.

मी काय हलवेन ते सांगतो. बडीला वर आणणे पहिल्या अभ्यासक्रमात घेईन. बॉयन्सीला स्वतंत्र दिवस देईन. पाडीने २०१३ च्या सुधारणेत गुडघे टेकून कवायती करण्याऐवजी तरंगत्या अवस्थेतील कौशल्यांवर भर वाढवला, हे योग्यच झाले. पण चार डायव्हमध्ये ती हातोटी पक्की होत नाही. नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेल्या मिश्रणाचा, वेगळा अभ्यासक्रम मी बंद करेन. त्याला समुद्रातील डायव्हची सक्तीही नाही. तो अर्ध्या दिवसाचा पाठ असून पहिल्या पुस्तकातच बसेल.

आणि हवेचे नियोजन. "५० बार झाले की वर या," हे वाक्य सगळ्यांना पाठ असते, पण ते कोठून आले हे फारसे कोणी सांगत नाही. बडीची हवा संपली आणि दोघांना एकाच सिलिंडरवर वर यायचे आहे, असे धरू. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर घेतो असे मानले, तर दोघांचे ६० झाले. १८ मीटरवर सावरायला एक मिनिट आणि मिनिटाला ९ मीटर या वेगाने वर यायला दोन मिनिटे धरली, तर साधारण ४०० लिटर लागतील. ५० बारमध्ये ५५० लिटर असतात, म्हणजे निभावते. ३० मीटरवर तेच गणित सुमारे ७४० लिटरवर जाते, आणि त्यात ५ मीटरवरचा तीन मिनिटांचा सुरक्षा थांबा धरलेलाच नाही. म्हणजे दुसऱ्या पायरीवर गेलेल्या माणसाला पहिल्या पायरीचा राखीव आकडा अपुरा आहे. हे गणित शाळकरी आहे, वहीच्या अर्ध्या पानाचे; तरी डोळ्यांसमोर ते मांडून पाहिलेले कार्डधारक मला फार भेटलेले नाहीत.

एवढे सगळे पहिल्यात घातले की तो अभ्यासक्रम तीन-चार दिवसांवरून आठवड्यावर जाईल आणि महाग होईल, हा आक्षेप रास्त आहे. त्याला फ्रान्सने दिलेले उत्तर मला सर्वांत पटते. तेथे खोली आणि स्वातंत्र्य या दोन गोष्टी वेगळ्या मोजतात. पहिल्या पातळीचा डायव्हर २० मीटरपर्यंत जातो, पण मार्गदर्शकाबरोबरच. दुसऱ्या पातळीचा डायव्हर मार्गदर्शकाबरोबर ४० मीटरपर्यंत जाऊ शकतो, पण स्वतंत्रपणे मात्र २० मीटरपर्यंतच. भारतात डायव्हिंग करणारे बहुतेक जण कार्ड कोणतेही असो, डाइव्हमास्टरच्या मागेच जातात. तेव्हा सुट्टीवाल्यासाठी छोटा, मार्गदर्शकासह उतरण्याचा परवाना आणि खरोखर स्वतंत्र उतरणाऱ्यासाठी बचाव व हवेच्या नियोजनासह पुरेसा लांब अभ्यासक्रम, अशी विभागणी आपल्याला वस्तुस्थितीशी अधिक जुळणारी ठरेल. आंतरराष्ट्रीय मानकात तिची बीजे आहेतच : आयएसओ २४८०१ च्या पहिल्या भागात १२ मीटरपर्यंतचा देखरेखीखालील डायव्हर आहे आणि दुसऱ्या भागात २० मीटरपर्यंतचा स्वायत्त डायव्हर. पाडीचे 'स्कूबा डायव्हर' हे कार्ड त्यातल्या पहिल्या प्रकारचे आहे, पण ते अर्धवट ओपन वॉटर समजले जाते आणि कोणी आवर्जून विकत नाही.

'ॲडव्हान्स्ड' या नावाबाबत मात्र संस्थांनी आपसांत तरी एकमत करावे. एसएसआय या दुसऱ्या प्रशिक्षण संस्थेत ते नाव चार विशेष अभ्यासक्रम आणि नोंदलेल्या २४ डायव्ह झाल्यावर मिळते. पाच डायव्हच्या ओळखीच्या कार्यक्रमाला ती संस्था वेगळे नाव देते. बोटीवर दोघांची कार्डे पाहणाऱ्या डाइव्हमास्टरला यातून काहीही कळत नाही आणि तो शेवटी लॉगबुकच, म्हणजे डायव्हच्या नोंदींची वहीच, मागतो.

प्रश्न : मी मागच्या वर्षी तारकर्लीजवळ वीस मिनिटे डायव्हिंग केले. त्या लोकांनी प्रमाणपत्रही दिले. आता मला ओपन वॉटरचा काही भाग माफ होईल का? — अ. शि., कोल्हापूर

उत्तर : होणार नाही. ज्यात मार्गदर्शक आपल्याला धरून खाली नेतो, मासे दाखवतो आणि वर आणतो, ती ओळखीची डायव्ह असते. तिचा कागद आठवण म्हणून ठेवावा. मान्यताप्राप्त केंद्रात, इन्स्ट्रक्टरच्या हाताखाली, ठरलेली कौशल्ये करून घेत 'डिस्कव्हर स्कूबा' केले असेल, तर ती डायव्ह काही अटींवर ओपन वॉटरची पहिली डायव्ह म्हणून धरता येते. मास्कमध्ये पाणी घेऊन ते बाहेर काढायला आपल्याला सांगितले होते का, एवढे आठवून पाहा. उत्तर लगेच मिळेल.

प्रश्न : माझी मुलगी १२ वर्षांची आहे आणि उत्तम पोहते. आम्ही दोघे बाप-लेक एकत्र ओपन वॉटर करावे म्हणतो. लहानांसाठी अभ्यासक्रम निराळा हवा की हाच? — वि. जो., नाशिक

उत्तर : अभ्यासक्रम हाच असतो, परवाना मात्र वेगळा मिळतो, आणि मोठ्यांच्या बाबतीत जे भान संस्थांना राहत नाही ते येथे राहिलेले दिसते. पाडीच्या नियमांनुसार १० आणि ११ वर्षांच्या मुलांना पालकाबरोबर किंवा व्यावसायिकाबरोबर १२ मीटरपर्यंत जाता येते. १२ ते १४ वर्षांच्या मुलांना प्रमाणित प्रौढाबरोबर १८ मीटरपर्यंत. या वयात ॲडव्हान्स्ड केले, तरी खोली ३० ऐवजी २१ मीटरवर थांबते.

आपली मुलगी नियमात बसते. माझी चिंता आपल्याविषयी आहे. अभ्यासक्रम संपताच आपण 'प्रमाणित प्रौढ' ठराल आणि कागदोपत्री तिची जबाबदारी आपल्यावर येईल. तेव्हा आपल्याही चारच डायव्ह झालेल्या असतील आणि स्वतःचा मास्क व स्वतःचा श्वास सांभाळण्यातच आपले सगळे लक्ष गुंतलेले असेल. पहिली दोन वर्षे तरी दोघांबरोबर डाइव्हमास्टर घ्या. त्याचे पैसे वाचवू नका. आणि नावनोंदणीपूर्वी आरोग्याची प्रश्नावली दोघांनीही प्रामाणिकपणे भरा. लहानपणी दम्याची औषधे चालू होती, कानाचे दुखणे वारंवार होते, अशा गोष्टी पालक सहज विसरतात. 'होय' असे उत्तर आले म्हणजे दार बंद झाले असे नाही, डॉक्टरांची लेखी संमती घ्यावी लागते इतकेच.

प्रश्न : मी वेंगुर्ल्याचा असून वडिलांची मासेमारीची होडी आहे. एका केंद्राची जाहिरात पाहिली : पोहता येत असेल तर शून्यापासून इन्स्ट्रक्टरपर्यंत सगळे अभ्यासक्रम एकत्र, सहा-सात महिन्यांत. खर्च मोठा आहे, पण नोकरी लागेल असे म्हणतात. करावे का? — ग. मा., सिंधुदुर्ग

उत्तर : नियम याला आडवे येत नाहीत. पाडीत डाइव्हमास्टर होण्यासाठी ६० डायव्ह लागतात, इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेला १०० आणि डायव्हर म्हणून किमान सहा महिने झालेले असावे लागतात. जाहिरातीतील सहा-सात महिने त्या किमान मुदतीवर बेतलेले आहेत. पण त्या शंभर डायव्ह एकाच बेटाच्या, एकाच हंगामातील स्वच्छ पाण्यात झाल्या, तर हाताखालच्या आठ विद्यार्थ्यांना सिंधुदुर्गातल्या गढूळ, ओढीच्या पाण्यात सांभाळण्याची तयारी त्यांतून होत नाही. पाण्यात उतरलेल्या इन्स्ट्रक्टरला आठ विद्यार्थी घेता येतात, हा पाडीचाच आकडा आहे.

आपली बाजू मात्र पुण्यामुंबईच्या मुलांपेक्षा भक्कम आहे. वारा, भरती-ओहोटी, खडकांच्या जागा आणि होडी हाताळणे हे आपण घरीच शिकलेले आहात, आणि कोणताही जोडअभ्यासक्रम ते देत नाही. तेव्हा सगळे पैसे एकदम भरू नका. ओपन वॉटरपासून रेस्क्यूपर्यंतचे टप्पे एका हंगामात करा. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे, तेथे प्रथम चौकशी करा. मग एक पूर्ण हंगाम, ऑक्टोबर ते मे, एखाद्या केंद्रावर सिलिंडर भरणे, होडी चालवणे, पर्यटकांना उतरवणे अशी कामे पगारावर करा आणि लॉगबुक भरत राहा. डाइव्हमास्टरचे शुल्क त्यानंतर भरा. जाहिरात देणाऱ्या केंद्राकडे जायचेच ठरले, तर भरण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून मागा : कोणत्या टप्प्यावर सोडल्यास किती पैसे परत मिळतील, परीक्षेचे आणि वार्षिक सदस्यत्वाचे शुल्क त्यात धरले आहे का, आणि मागच्या तुकडीतील किती जण आज पाण्यात काम करत आहेत.